भोक पाडण्याआधी

फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाला लेथ किंवा मिलिंग मशीन कोणी एकट्याने चालवायला देत नाही. ड्रिल मशीन मात्र बिनदिक्कत देतात. टेबलावर जॉब ठेवा, बटण दाबा, हँडल खाली ओढा, भोक पडले. एवढ्याशा कामाला वेगळे शिक्षण कशाला, हा समज सगळीकडे पसरलेला आहे. म्हणून वेल्डिंगच्या दुकानात, गॅरेजमध्ये, फर्निचरवाल्याच्या शेडमध्ये, शाळेच्या कार्यशाळेत बेंच ड्रिल दिसते, पण ते चालवायला शिकवणारा माणूस क्वचितच दिसतो. भिंतीवर फार तर एक पाटी असते : चष्मा लावा, हातमोजे घालू नका, सैल कपडे टाळा, जॉब पक्का धरा. या पाटीतला शब्दन् शब्द खरा आहे. पण पाटी कारण सांगत नाही, आणि ज्याचे कारण ठाऊक नाही तो नियम घाईच्या दिवशी सर्वांत आधी मोडला जातो. ड्रिल मशीनवरच्या सुरक्षिततेचा विचार या पुस्तकात पाटीपासून सुरू न करता कापल्या जाणाऱ्या वस्तूपासून सुरू केला आहे. पोलाद, बीड, पितळ, ॲल्युमिनियम, स्टेनलेस, पत्रा, लाकूड, ॲक्रिलिक ही सगळी बिटाखाली वेगवेगळी वागतात, आणि हाताला होणारी इजा बहुतेक वेळा त्या वागण्यातूनच निघते. भोक बिघडवणारी आणि बोट तोडणारी कारणे बव्हंशी एकच आहेत. त्यामुळे चांगले भोक पाडायला शिकणे आणि सुरक्षित राहायला शिकणे ही दोन शिक्षणे नाहीत, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

आधी यंत्रात नेमके काय घडते ते पाहू. बिट एकाच वेळी दोन कामे करतो : स्वतःभोवती फिरतो आणि खाली उतरतो. खाली उतरणारा दाब जॉबला टेबलावर बसवून ठेवतो, म्हणून जॉब आपोआप स्थिर राहील असे वाटते. फिरणारे बळ मात्र त्याच जॉबला आपल्याबरोबर फिरवू पाहत असते. याचा हिशोब सोपा आहे. मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची, आणि स्पिंडल मिनिटाला ३०० फेऱ्यांवर लावलेला असेल, तर घर्षणातला तोटा सोडून स्पिंडलवरची पीळ सुमारे २४ न्यूटन-मीटर होते. भोकाच्या केंद्रापासून १० सेंटिमीटरवर जॉब हाताने धरला असेल तर त्या हाताला साधारण २४ किलोचा रेटा सोसावा लागेल, तोही आडवा आणि अचानक. तीच मोटर २००० फेऱ्यांवर असेल तर हा रेटा साडेतीन किलोच्या आसपास उतरतो. म्हणजे ज्या कमी वेगाला आपण सुरक्षित समजतो, त्याच वेगावर यंत्राची पीळ सर्वांत जास्त असते. मोठा बिट कमी वेगावर चालवावा लागतो, हे खरेच आहे. पण मोठ्या बिटाचा जॉब हाताने धरायचा नाही, हे त्याच नियमाचे दुसरे अर्ध आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. वेग जास्त असताना धोका दुसऱ्या बाजूने येतो. बिटात अडकून फिरू लागलेल्या पट्टीचे टोक केंद्रापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर १००० फेऱ्यांवर ते ताशी ७५ किलोमीटरच्या वेगाने फिरते. धारदार कडेची पट्टी या वेगाने मनगटावर आदळली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

“लक्ष असले की झाले, काही अडकले तर हात काढून घेता येतो,” हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यालाही आकड्यांनीच उत्तर देणे बरे. मिनिटाला १००० फेरे म्हणजे सेकंदाला जवळपास १७. काहीतरी घडल्याचे डोळ्यांना कळून हात हलेपर्यंत तरबेज माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात स्पिंडलचे चार फेरे पुरे झालेले असतात. चकचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर त्याचा घेर १५७ मिलिमीटर होतो, म्हणजे चार फेऱ्यांत ६० सेंटिमीटरहून जास्त कापड, दोरा किंवा केस त्याच्याभोवती गुंडाळले जातात. बाहीच्या टोकापासून कोपरापर्यंतचे अंतर यापेक्षा कमीच असते. हातमोजा घालू नये तो यासाठी. उघड्या बोटाला फिरत्या बिटाचा स्पर्श झाला तर कातडी फाटते आणि बोट बहुधा मागे येते. मोज्याचे सूत पकडले गेले तर मोज्यासकट हात आत ओढला जातो. ओढणी, पदर, मोकळी वेणी, गळ्यातली साखळी, मनगटावरचा गंडा, राखी यांनाही हीच गोष्ट लागू आहे. श्रद्धेचा दोरा तोडायला कोणी सांगत नाही. काम करताना तो बाहीच्या आत घट्ट बांधलेला असावा किंवा काढून ठेवलेला असावा, एवढेच. गरम आणि धारदार चिपांपासून हाताचे रक्षण व्हावे म्हणून मोजे हवेत, असे जे म्हणतात त्यांची अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय मोजा नाही. चिपा मशीन थांबवून, ब्रशने किंवा आकड्याने काढायच्या. मोजे घालायचेच असतील तर स्पिंडल पूर्ण थांबल्यावर, गरम जॉब उचलण्यापुरते.

सावधपणा पुरेसा का पडत नाही, हे यंत्राच्या इतिहासातही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धातूत भोक पाडायला बहुतांशी चपटे बिट वापरत. ते धातू कापण्यापेक्षा खरवडत जास्त, आणि खरवडलेला चुरा भोकातच राही. १८६३ मध्ये अमेरिकेत स्टीफन मॉर्स याने पिळाच्या बिटाचे पेटंट घेतले. पिळाच्या खाचांमधून चिपा आपोआप वर येऊ लागल्या आणि भोक खोल व वेगाने पडू लागले. बिट बसवण्याच्या निमुळत्या दांड्याला आजही मॉर्स टेपर म्हणतात तो याच्याच नावावरून. तरी साध्या कार्बन पोलादाची धार दोन-अडीचशे अंश तापमानाच्या पुढे नरम पडत असे, त्यामुळे वेगाला मर्यादा होती. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी ती मर्यादा ओलांडणारे हायस्पीड स्टील सिद्ध केले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची प्रात्यक्षिके झाली. हे पोलाद सुमारे ६०० अंशांपर्यंत धार टिकवते. दुकानात बिटाच्या दांड्यावर एचएसएस अशी अक्षरे दिसतात ती याचीच. चाळीस वर्षांच्या आत बिटाची रचना बदलली, पोलाद बदलले आणि यंत्राचा वेग कितीतरी पटींनी वाढला. माणसाच्या हाताला मागे यायला लागणारा पाव सेकंद मात्र होता तेवढाच राहिला. दोन्ही बाजूंचे हे अंतर नुसत्या दक्षतेने भरून निघत नाही. ते वाइस, क्लॅम्प आणि वस्तूचे ज्ञान यांनीच भरावे लागते.

वस्तूंच्या स्वभावाकडे वळण्यापूर्वी एक क्षण जवळून पाहायला हवा, कारण बहुतेक वस्तूंमध्ये धोका तिथेच साठलेला असतो. तो क्षण म्हणजे बिट खालच्या बाजूने आरपार निघण्याचा. बिटाच्या टोकाच्या मधोमध एक बोथट आडवी कड असते, तिला चिझल एज म्हणतात. अगदी मध्यबिंदूवर फिरण्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे ही कड धातू कापत नाही, ती त्याला रेटून बाजूला सारते. हँडलवर आपण लावत असलेल्या दाबाचा मोठा वाटा तिच्यावरच खर्च होतो. टोक तळातून बाहेर पडले की हा विरोध एकदम संपतो. हातातला दाब मात्र तसाच असतो. दाबाखाली किंचित वाकलेले टेबल आणि खांबही परत सरळ होतात. बिट एका झटक्यात खाली घुसतो, त्याच्या दोन्ही धारा उरलेल्या पातळ कडेत खोल रुततात, आणि ज्या जॉबने इतका वेळ मुकाट भोक पाडून घेतले तो जॉब बिटाबरोबर फिरू लागतो. म्हणून जुना कारागीर भोक संपत आले की हँडलवरचा हात हलका करतो. आवाज बदलतो, हँडलला जाणवणारा विरोध सैल होतो, ही त्याची खूण. हाच हलका हात खालच्या बाजूची बर कमी करतो आणि बिटाचे कोपरे वाचवतो. चांगले भोक आणि शाबूत बोट एकाच सवयीतून कसे मिळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

आता वस्तू. माइल्ड स्टील, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते एमएस म्हणतात ते, सर्वांत परिचयाचे आणि त्यातल्या त्यात समंजस. एचएसएस बिटासाठी त्याचा कापण्याचा वेग मिनिटाला २५ ते ३० मीटर धरतात. या वेगाला १००० ने गुणून, बिटाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने आणि पायने भागले की स्पिंडलचे फेरे मिळतात. वेग ३० मीटर धरला तर ५ मिलिमीटरच्या बिटाला सुमारे १९००, १० मिलिमीटरला ९५०, २० मिलिमीटरला ४७५. व्यास दुप्पट तर फेरे निम्मे, एवढे लक्षात ठेवले तरी पुली बदलण्याचा आळस कमी होईल. एमएसचा धोका त्याच्या चिपेत आहे. ती तुटत नाही. लांब, पिळदार, करवतीसारख्या कडेची होऊन बिटाबरोबर गरगरत बाहेर येते आणि चाबकासारखी फिरते. निळसर झालेली चिप सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलेली असते. ती हाताने ओढून काढण्याचा मोह ज्याला झाला त्याच्या बोटांवर तिचा व्रण राहतो. उपाय कापण्याच्या पद्धतीतच आहे : दाब थोडा थोडा सोडून पुन्हा द्यायचा, म्हणजे चिप आखूड तुटते. कूलंट चालू ठेवायचे, आणि फडके बिटाजवळ न्यायचे नाही.

बीड याच्या उलट. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंतच्या फाउंड्रींमधून निघणारे कास्टिंग हे दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी मशीनशॉपचे रोजचे काम आहे. बिडात ग्राफाइट असते. ते स्वतःच वंगणाचे काम करते, म्हणून बीड सहसा कोरडेच ड्रिल करतात. त्यात तेल ओतले तर काळ्या चुऱ्याचा लगदा होऊन खाचा तुंबतात. बिडाची चिप लांब नसते, तिचा चुरा होतो. त्यामुळे हाताला गुंडाळण्याचा धोका कमी आणि डोळ्यांना व छातीला जास्त. काम झाल्यावर एअरगनने टेबल फुंकून काढण्याची सवय इथे सर्वांत घातक ठरते, कारण वाऱ्याने उडालेला कण चष्म्याच्या बाजूनेही आत येतो. दुसरी गोष्ट कास्टिंगच्या कातडीची. साच्यात पटकन थंड झालेला वरचा थर कधी काचेसारखा कडक असतो, त्यात वाळूचे कण अडकलेले असतात, आणि आत कुठेतरी पोकळी असू शकते. कडक थरावर बिट घसरतो आणि पोकळीत अचानक पडतो. ज्याला हे ठाऊक आहे तो सेंटर पंच नीट मारतो, सुरुवातीला दाब घाईने वाढवत नाही, आणि जॉब वेडावाकडा असला तरी पॅकिंग देऊन बोल्टने आवळतो. कास्टिंग जड आहे, ते स्वतःच्या वजनानेच बसेल, हा समज मोडायला एक पोकळी पुरते.

पितळ आणि ॲल्युमिनियम मऊ आहेत, म्हणून सोपे वाटतात. दोघांच्याही खोड्या या मऊपणातूनच येतात. पितळात नेहमीचा बिट स्वतःहून आत ओढला जातो. पिळामुळे त्याच्या धारेला जो पुढे झुकलेला कोन मिळतो तो पोलादासाठी योग्य असतो. पितळात तीच धार स्क्रूसारखी रुतते. आधीचे छोटे भोक मोठे करताना तर हे हमखास घडते, कारण बिटाला रोखून धरणारी मधली आडवी कड तेव्हा कामाला नसते. पोलादात आधी लहान भोक पाडून घेणे हा शहाणपणाचा सल्ला आहे. पितळात तोच सल्ला जॉब वाइसमधून उपटून काढू शकतो. जुने फिटर पितळासाठी बिट वेगळा ठेवतात. त्याची धार दगडावर किंचित चपटी करून तो पुढे झुकलेला कोन त्यांनी मारून टाकलेला असतो. मिनिटभराचे हे काम हजार सूचनांइतके मोलाचे आहे. ॲल्युमिनियम रुतण्यापेक्षा चिकटते. त्याला वेग जास्त चालतो, पण कोरड्या, तापलेल्या बिटावर त्याचे थर बसतात, खाचा गच्च भरतात आणि खोल भोकात बिट अडकून तुटतो. बिट वरचेवर बाहेर काढून खाचा मोकळ्या करायच्या आणि वंगण द्यायचे. या कामाला रॉकेल वापरण्याची पद्धत जुनी आहे आणि ते कामही चांगले करते. पण शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असेल तर त्या डब्याची जागा टेबलाजवळ नाही.

स्टेनलेसच्या बाबतीत सुरक्षिततेची नेहमीची समजूतच उलटी पडते. भांड्यांपासून रेलिंगपर्यंत वापरले जाणारे ३०४ जातीचे स्टेनलेस सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे असते. त्यावर नुसते घासले, दाबले, तरी त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. नवखा माणूस घाबरून हँडल अलगद धरतो. बिट कापत नाही, नुसता घासतो. खालचा थर कडक होतो आणि धार जळते. मग तो वैतागून सगळ्या ताकदीने दाबतो, आणि बिट तुकडे होऊन उडतो. इथे वेग कमी हवा, मिनिटाला १० ते १५ मीटर, म्हणजे १० मिलिमीटरच्या बिटाला ३०० ते ५०० फेरे. दाब मात्र सुरुवातीपासून ठाम आणि अखंड हवा. बिटाचा टोकाचा कोन नेहमीच्या ११८ अंशांऐवजी १३५ अंशांचा असला तर बरे, आणि तेलाची धार थांबू नये. भ्यालेला हात सुरक्षित असतोच असे नाही, हे स्टेनलेस शिकवते. इतर धातूंत “जपून, हळू दाबा” हा उपदेश चालतो, इथे तोच अपघाताकडे नेतो. त्यात पुन्हा वेग कमी म्हणजे पीळ जास्त, हा आधीचा हिशोब आहेच. म्हणून स्टेनलेसचा तुकडा कितीही लहान असला तरी वाइसमध्येच धरायचा.

तरीही साध्या पत्र्याइतका फसवा पदार्थ दुसरा नाही. ११८ अंशांच्या बिटाच्या टोकाची उंची त्याच्या व्यासाच्या साधारण ०.३ पट असते. १० मिलिमीटरचा बिट घेतला तर टोक ३ मिलिमीटरचे. पत्रा एक मिलिमीटरचा. म्हणजे बिटाचे बाहेरचे कोपरे पत्र्याला शिवायच्या आधीच टोक खालून बाहेर आलेले असते. बिटाला मधोमध धरून ठेवणारे काहीच उरत नाही. तो डगमगतो, भोक तिकोनी होते, आणि कोपरे टेकताच पत्रा बिटाच्या पिळावरून वर चढून फिरू लागतो. फिरणारा पत्रा म्हणजे उघडे पाते. आरपार निघण्याचा जो धोकादायक क्षण जाड जॉबमध्ये शेवटी येतो, तो पत्र्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू असतो. लोक मात्र पत्राच सर्वांत जास्त वेळा हाताने धरतात, कारण तो हलका असतो. पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून क्लॅम्प करावा किंवा पायरीचा बिट वापरावा. भोक गोल येते, कड गुळगुळीत राहते आणि हात दूर राहतो. तिन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात.

धातू नसलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. लाकडाला वेग जास्त चालतो, पण तंतू आणि गाठ बिटाला वाकडे नेतात. खाली टाकाऊ फळी ठेवली नाही तर तळ फाटतो. मोठ्या व्यासाच्या बिटाला लाकडातही वेग कमीच लागतो, नाहीतर धूर निघतो. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत गणले आहे, म्हणून मास्क हा लाकूडकामाचा भाग समजावा. गोल दांडा किंवा पाइप धातूचा असो की लाकडाचा, व्ही-ब्लॉकशिवाय धरू नये. ॲक्रिलिक तापले की वितळून बिटाला चिकटते आणि घाई केली की तळाला तडकते. त्याला अरुंद टोकाचा, रुतणार नाही अशी धार केलेला बिट, खाली पक्का आधार आणि शेवटी अगदी हलका हात लागतो. जुन्या छपरांच्या सिमेंट पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असते. असा पत्रा मशीनवर आणून कोरडा ड्रिल करणे म्हणजे त्याचे तंतू शेडभर पसरवणे. तिथे सुरक्षित पद्धत शोधत बसण्यापेक्षा ते काम नाकारणे बरे.

एवढे वाचल्यावर वाचक विचारील की हेल्परला इतके सगळे कसे शिकवायचे? चार नियम पाठ करून घेतले तर पुरत नाही का? नियम हवेतच, हे पुस्तक त्यांच्या विरोधात नाही. पण नियम सरासरी परिस्थितीसाठी केलेला असतो आणि अपघात सरासरीत बसत नाही. “हळू दाबा” स्टेनलेसमध्ये चुकते, “आधी लहान भोक पाडा” पितळात चुकते, “जड जॉब हलत नाही” पोकळ कास्टिंगमध्ये चुकते, “कूलंट द्या” बिडात चुकते. हे अपवाद पाटीवर लिहायचे म्हटले तर भिंत पुरणार नाही. त्यांच्यामागे असलेल्या गोष्टी मात्र मोजक्या आहेत : धार रुतते की घासते, चिप लांब येते की चुरा होतो, उष्णता कुठे जाते, टोक केव्हा बाहेर पडते. हे चार प्रश्न नव्या वस्तूसमोर उभे राहून विचारायची सवय लागली तर यादीत नसलेला पदार्थही ओळखीचा होतो. आठवीपर्यंत शिकलेल्या मुलालाही हे कळते. दोन्ही चिपा शेजारी ठेवून दाखवल्या की पुरे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. “वीस वर्षे हाताने धरतोय, काही झाले नाही,” हे वाक्य प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकू येते आणि ते खोटे नसते. पण हा पुरावा ज्यांना काही झाले नाही त्यांचाच आहे. ज्यांना झाले ते आता त्या मशीनवर नसतात, म्हणून त्यांची साक्ष आपल्या कानावर येत नाही. शिवाय वीस वर्षांचा अनुभव बहुधा एकाच प्रकारच्या जॉबचा असतो. एमएसच्या पट्ट्या जन्मभर ड्रिल केलेला हात पितळाच्या पहिल्याच तुकड्यासमोर नवखा असतो, आणि आपण नवखे आहोत हे त्याला ठाऊक नसते. वेळेच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे : एका भोकासाठी क्लॅम्प लावायला भोकापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पण एकच भोक असेल तर त्या दोन मिनिटांनी दिवस बुडत नाही, आणि शंभर भोके असतील तर जिग करणे हेच किफायतशीर. जिगमध्ये धरलेल्या जॉबचे शंभरावे भोक पहिल्याच्याच जागी पडते, रिजेक्शन घटते, आणि हात आपोआप बाहेर राहतो. घाईने वाचवलेली मिनिटे वाकड्या भोकांत आणि तुटलेल्या बिटांत परत द्यावी लागतात. इजा झाली नाही तरीही तो व्यवहार तोट्याचाच असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. सुरक्षितता ज्ञानावर सोपवली की दोष कामगाराच्या गळ्यात मारायला मालक मोकळा, असे कोणी म्हणेल. तसा उपयोग होऊ शकतो, हे मान्य. पण वाइस नसलेल्या टेबलावर ज्ञान कशाला धरणार? पुलीवरचे झाकण काढून कोपऱ्यात टाकलेले, बंद करायचे बटण हात पोचणार नाही अशा जागी, शेडमध्ये एकच बोथट बिट, आणि डिलिव्हरी संध्याकाळपर्यंत हवी. अशा ठिकाणी कितीही जाणता कारागीर असुरक्षितच. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण आणि कलम ३५ ने उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांचे रक्षण ही मालकाची जबाबदारी ठरवली. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असतील तर तिला कारखाना म्हणायचे, ही मूळ व्याख्याही त्याच कायद्यात होती. दोन-चार माणसांच्या असंख्य शेड तिच्या बाहेर राहिल्या, आणि बेंच ड्रिल सर्वांत जास्त आहेत ते तिथेच. जिथे निरीक्षक पोचत नाही तिथे वाइस विकत घेणे आणि झाकण परत बसवणे हे मालकाला स्वतःहून करावे लागेल. ज्ञान त्याची जागा घेत नाही. मात्र काय मागायचे आणि का मागायचे, हे कामगाराला ज्ञानामुळेच सांगता येते. “हे माझ्याने होणार नाही” यापेक्षा “हा पत्रा फळीत दाबल्याशिवाय भोक गोल येणार नाही” हे वाक्य मालकाला लवकर पटते.

पुढच्या प्रकरणांत एकेक वस्तू घेऊन तिचा वेग, बिटाची धार, वंगण, पकड आणि धोका यांचा क्रमाने विचार केला आहे. कोष्टके शेवटी दिली आहेत. त्यांतले आकडे सुरुवात करण्यासाठी आहेत, कारण बिटाची धार, मशीनची अवस्था आणि जॉबची पकड यांनी ते बदलतात. शिकवणाऱ्यांना एक विनंती : मशीन सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्या वस्तूची चिप कशी येईल हे विचारा, आणि भोक पाडून झाल्यावर त्याच्या उत्तराशी चिप ताडून पाहायला लावा. शिकणाऱ्यांनी हे पुस्तक मशीनपाशी ठेवावे. त्यावर तेलाचे डाग पडले तर ते वापरात आहे असे समजू. आणि कुठलीही वस्तू समोर असो, बटण दाबण्याआधी चकची चावी चकमध्ये राहिलेली नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.